खोलीत दोन माणसं

मी एसीवाला. देशभरातल्या संशोधकांनी मिळून वापरावा म्हणून सरकारने एक मोठा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणलाय, त्याची खोली थंड ठेवायचं माझं काम. यंत्र माणसाच्या दुप्पट उंच आणि नखरे त्याहून मोठे. आत कोणी शिरलं तर त्याच्या अंगाच्या उबेनेसुद्धा तापमान हलतं. म्हणून दर तासाला आकडा लिहायचा, आणि हलला तर का हलला तेही लिहायचं. नऊ वर्षं लिहितोय. पण सांगायचंय ते ताईबद्दल.

ताई ते यंत्र चालवायची. प्रथिनाचा थेंब टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर ठेवून एका झटक्यात गोठवायचा. बर्फ जाड झाला तर काही दिसत नाही, पातळ झाला तर फाटतो. मोठमोठे डॉक्टर दहा वेळा हात पोळून घ्यायचे आणि मग, "ताई, जरा बघता का?" ताई बघायची, पण आधी ऐकवायची, "साहेब, बर्फ करायचाय, सिमेंट नाही." तिचा नवरा बस चालवतो. ती म्हणायची, "आमच्या घरात दोघंही तिकीट बघत नाही, माणसं पोचवतो."

आता नियम ऐका. यंत्रावर वेळ हवा तर अर्ज करा, आणि अर्जाला तुमच्याकडच्या छोट्या सूक्ष्मदर्शकातला फोटो जोडा. ज्याच्याकडे छोटा नाही, त्याने काय करायचं? बोंबलायचं. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही म्हणे. त्यामुळे ज्यांच्या घरी आधीच दिवाणखान्यात यंत्रं आहेत, त्यांनाच हे सगळ्यांचं यंत्र मिळायचं. तेही दिवस अडवून ठेवायचे आणि यायचे नाहीत. मोठे साहेब तो दिवस 'वापरला' म्हणून वर कळवायचे. हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मी मूग गिळून बसायचो.

एका मंगळवारी लांबच्या कॉलेजातले एक सर आले. तिसरा अर्ज परत आला होता, फोटो नाही म्हणून. मांडीवर थर्मास. त्यात गुरांच्या तापाच्या जंतूचं प्रथिन, दीड वर्ष खपून शुद्ध केलेलं, चार दिवसांत खराब होणारं. साहेबांनी त्यांना उभ्याउभ्याच वाटेला लावलं. त्या दिवशी यंत्र एका बड्या संस्थेच्या नावावर होतं. दुपारचे दोन वाजले तरी तिकडून काळं कुत्रंही आलं नव्हतं.

ताई जिन्यात सरांना म्हणाली, "थर्मास द्या. आणि माझ्यामागून या."

तिसऱ्या जाळीवर कण दिसले, त्यांचे फोटो निघाले. मी दारातून बघितलं, मला काय कळणार त्यातलं, पण सर खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडत होते. ताई म्हणाली, "रडू नका, इथे दमट चालत नाही."

आणि मी काय केलं? वहीत लिहिलं. तीन वाजता, अर्धा अंश वाढ, कारण: खोलीत दोन माणसं. हाताची सवय. दुष्टावा नव्हता, भीतीही नव्हती. अक्कल नव्हती, एवढंच.

महिनाअखेरी साहेबांनी वही चाळली. बड्या संस्थेचं कोणी आलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग ही दोन माणसं कोण? ताईने एका वाक्यात कबूल केलं. सरांचे फोटो पुसून टाकायचा हुकूम निघाला आणि ताईची बदली स्टोअरमध्ये, हातमोजे मोजायला. चोर सोडून संन्याशाला फाशी. वर साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "नोंद असावी तर अशी."

ताईची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "काका, खरं लिहिलंत त्याची माफी कसली? पण एवढंच खरं का लिहिलंत?"

तोवरच्या सगळ्या वह्या घरी नेऊन चाळल्या. बायको म्हणाली, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, नसता उपद्व्याप. केला उपद्व्याप. बाहेरची तपासणी समिती आली, साहेब 'एकही दिवस वाया नाही' म्हणाले, तेव्हा मी न विचारता उठलो. गेल्या वर्षात एकसष्ट दिवस असे होते, की यंत्र कोणाच्या तरी नावावर होतं आणि तापमान सकाळपासून संध्याकाळपर्यंत केसभर हललं नव्हतं. तारखा वाचल्या. साहेब म्हणाले, "तुम्ही एसीचं बघा." समितीतल्या बाई म्हणाल्या, "त्यांना वाचू द्या."

आता महिन्यातले चार दिवस फोटो नसलेल्यांसाठी आहेत. साहेब आहेत तिथेच आहेत. ताईची बदली रद्द करायचा कागद कुठल्याशा टेबलावर पडलाय. विचारलं की म्हणतात, प्रक्रिया चालू आहे.

सरांनी दीड वर्ष खपून प्रथिन पुन्हा बनवलं आणि परवा आले. ताईच्या जागी आलेल्या माणसाने सहा जाळ्या गोठवल्या. सहाही जाड. थेंब संपला.

सरांनी रिकामा थर्मास बंद केला आणि मला विचारलं, "ताई रजेवर आहेत का?"