टर्बोची शिट्टी आणि दिगांबरभाऊ

दिगांबरभाऊ गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, शीतलनं, फोनवर सांगितलं. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून पेरणीयंत्राच्या नळ्यांत अडकलेली माती काडीनं काढत होते. "काकू, बाबा गेले. चहा घेतला, खुर्चीत बसले, अन् बसल्या बसल्याच..." एवढंच ती बोलली. फोन ठेवल्यावरही बराच वेळ मी त्याच नळीत काडी फिरवत होते. त्याला आता पाच आठवडे होतील.

कामरगावला एसटी स्टँडच्या पुढे त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. वर टिनाचं छप्पर, समोर लिंबाचं झाड. माझ्या लग्नाआधीपासून त्यांचं या भागात नाव होतं, आणि ते नाव होतं त्यांच्या कानांचं. ट्रॅक्टर दुकानासमोर येऊन थांबायच्या आत भाऊ सांगत, वॉल्व्ह वाजतो आहे की नोझल गळतो आहे. पार लांबच्या रिसोडकडूनही लोक ट्रॅक्टर घेऊन यायचे. आमच्या धनजच्या शिवारात तर त्यांना विचारल्याशिवाय कोणी जुना ट्रॅक्टर घेत नसे.

आमचा ट्रॅक्टरही जुनाच. टर्बोवाला, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर पंखा फिरवून आत जास्त हवा कोंबणारा. तो पंखा फिरताना बारीक शिट्टी वाजते, तिच्यावरून जाणकाराला इंजिनावरचा ताण कळतो. आम्ही तो घेतल्यावर दीडच वर्षात माझे पती विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांच्या मणक्याला मार बसला. डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर बसायला कायमची मनाई केली. दोन्ही मुली शिकायला बाहेर. मग मीच स्टिअरिंग धरलं. गावानं ते पाहिलं, हसलं, आणि थोड्या दिवसांनी हसणं सोडून दिलं, असं मला वाटलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही माती उलटवणारा पलटी नांगर आणला. आमची जमीन काळी, खोल. नांगर खाली गेला की ट्रॅक्टर दमायचा. यांनी भाऊंना बोलावून डिझेलचा पंप थोडा वाढवून मागितला. भाऊंनी पंपाचा स्क्रू फिरवला, इंजिनाला कान लावला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "आता पाहा कसा ओढते." खरंच ओढायला लागला. दोन दिवस मी अगदी ऐटीत नांगरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन एकदम ढिलं पडलं, पांढरा-निळा धूर भसाभसा निघाला आणि ट्रॅक्टर नांगराच्या तासातच, अर्ध्या चरात, उभा राहिला. इंजिनाचं पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा तेव्हाही हिरव्या पट्ट्यातच होता. मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत होते.

भाऊंनी इंजिन उघडलं. एका पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं होतं, कडा मेणासारख्या वितळलेल्या. त्यांनी तो पिस्टन उजेडात धरून पाहिला, पिशवीत घातला आणि निघून गेले.

त्यानंतर दोन दिवस मी जे ऐकलं, ते आजही पुसलं गेलेलं नाही. "बाईच्या हाती टॅक्टर देल्यावर दुसरं काय होईन?" हे तोंडावर म्हणणारे होते, पाठीमागे म्हणणारे त्याहून जास्त. घरी हे मला एका शब्दानंही बोलले नाहीत, पण त्यांचं ते न बोलणं मला जड गेलं. आणि खरं सांगायचं तर माझीही खात्री पटली होती. कुठला तरी गिअर चुकला असेल, काहीतरी वाजलं असेल आणि मला समजलं नसेल... मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता पुन्हा ट्रॅक्टरवर बसायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आले. अंगणात शेजारचे चौघे-पाचजण बसले होते, सगळे याच विषयावर. भाऊंनी पिशवीतून पिस्टन काढला, खाटेवर सगळ्यांच्या मधोमध ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "हा टॅक्टर वयनीनं नाई जाळला. म्या जाळला."

कोणीतरी म्हणालं, "भाऊ, उगाच कायले आपल्यावर घेता?"

"उगाच नाई. पंप जास्त उघडल्या गेला माह्याकून. इंजनात डिझेल जास्त जाऊन राह्यलं होतं, आत भट्टी झाली." मग खाली पाहत ते म्हणाले, "दोन वर्स झाले, मले टर्बोची शिट्टी ऐकू येत नाई. माणूस बोलला तं समजते, पण बारीक आवाज सारे गेले. घरीबी सांगतलं नाई म्या. अंदाजानंच करून राह्यलो होतो."

ज्या माणसाचं पोट कानांवर चालतं, तो पाच माणसांत सांगत होता की माझे कान गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कामरगावात पोचणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते मला बाजूला म्हणाले, "काल बी आलतो मी. तुमच्या फाटकापासून वापस गेलो. हिंमत नाई झाली. तुमाले लोक बोलून राह्यले, हे मले मालूम होतं, वयनी. दोन दिस गप्प राह्यलो, तेवढं माफ करजा."

मी आत जाऊन चहा ठेवला आणि चुलीसमोर पोटभर रडले. मोकळं होण्याचं रडणं होतं ते.

इंजिन त्यांनी पुन्हा उभं केलं आणि पंप मूळ जागी आणला. मग अकोल्याहून एक मीटर घेऊन आले. धूर इंजिनातून निघून टर्बोत शिरतो, त्या वाटेवरचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग त्यांनी आधी पूर्ण काढून खाली ठेवला आणि त्याला भोक पाडलं. लोखंडाचा कीस टर्बोत गेला तर पंखा खलास, असं म्हणत लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा तो भाग धुतला. त्या भोकात बोटाएवढी सळई बसवली, तिची तार स्टिअरिंगजवळच्या गोल तबकडीला जोडली. धूर किती तापला आहे ते सांगणारी तबकडी. "पाण्याचा काटा लई उशिरा सांगते," ते म्हणाले. "हा काटा आत्ता, या घडीले, इंजनाच्या पोटात काय चालू हाय ते सांगते. सहाशेच्या वर चढाले लागला का रेस दाबू नोका, गेर खाली घ्या. मले ऐकू येत नाई, तुमाले आवाजातलं समजत नाई. दिसते तं दोघायलेबी!"

मी हसले. त्या सगळ्या दिवसांतलं माझं पहिलं हसणं.

पहिला आठवडाभर ते रोज शेतात आले. धुऱ्यावर उभे राहून दुरूनच हात हलवून विचारत आणि मी बोटांनी आकडा सांगत असे, पाच बोटं म्हणजे पाचशे अंश. चार दिवसांतच माझं मलाच कळायला लागलं, की ढेकळांच्या पट्ट्यात काटा कसा चढतो, नांगर चार बोटं वर घेतला की कसा उतरतो. ज्या यंत्राची मला धास्ती वाटायची, त्याचं दुखणं मला वाचता यायला लागलं.

दुकानावर मात्र वर्षभर फारसं कोणी फिरकलं नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडे कशाला जायचं, असं लोक म्हणत. मी जायचे. नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टर मुद्दाम त्यांच्या झाडाखाली उभा करायचे आणि विचारणाऱ्याला तबकडी दाखवायचे. मग एकानं आपल्या जुन्या टर्बोवाल्याला मीटर बसवून घेतलं, मग दुसऱ्यानं. हळूहळू भाऊंकडे पुन्हा गर्दी झाली. आता ते प्रत्येक ट्रॅक्टर स्वतः ओझ्यावर चालवून, काटा पाहूनच पंपाला हात लावत. त्यानंतर त्यांच्या हातून एकही इंजिन जळलं नाही. कान मात्र आणखी गेले, पुढे साधं बोलणंही त्यांना ओरडून सांगावं लागे. एकदा ते म्हणाले, "कान होते तवा मले घमेंड होती, वयनी. आता पाहून करतो."

आज मी आमच्या शेताबरोबर शेजारच्या तिघांची नांगरणी करते. त्यातला एक जण त्या दिवशी अंगणात होता. भाऊ पिस्टन पिशवीतच ठेवून गप्प राहिले असते, तर त्यांना कोणी विचारणार नव्हतं. माझं आयुष्य मात्र त्या उन्हाळ्यात चुलीपुढेच थांबलं असतं.

गेल्या सोमवारी त्यांच्या घरी गेले होते. भाऊंच्या पत्नी, कमलताई, स्वयंपाकघरात होत्या. मला पाहताच तिथूनच त्यांनी विचारलं, "चहा घेता का?" आवाज इतका मोठा, की रस्त्यावरून जाणारा सायकलवालाही वळून पाहू लागला. त्या एकदम थांबल्या, तोंडावर पदर धरला. "इतक्या वर्साची सवय हो," त्या हळूच म्हणाल्या. "आता कोनासाठी वरडून राह्यली मी!" आम्ही दोघी हसलो.

मी म्हटलं, "ताई, तसंच बोला."

त्यांनी डोळे पुसले, आत वळल्या आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साखर किती टाकू?"