कितीदा मावशी

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. रुग्णालयातली मुलं तिला ‘कितीदा मावशी’ म्हणायची, कारण तिच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: आज कितीदा जाऊन आलास? कुठे, ते विचारावं लागत नसे. पोटानं हैराण झालेल्या मुलांना पळत जाण्यासारखी जागा एकच असते.

मावशीला त्या नावाचा राग नव्हता. राग होता तो खोलीचा. जिन्याखाली, पूर्वी जिथं मोडक्या खुर्च्या टाकत, तिथं तिला बसवलं होतं. खिडकी नाही. खुर्ची मागं घेतली की दार उघडत नाही, आणि दार उघडायचं तर खुर्ची टेबलावर चढवल्यासारखी पुढं रेटावी लागते. टेबलावर फोन, फोनला जोडलेलं बोलणं टिपून घेणारं यंत्र, त्याचा लाल दिवा, आणि प्लास्टिकमध्ये घातलेला सहा प्रश्नांचा कागद. नऊ वर्षं मावशी हे सहा प्रश्न विचारत होती. एक शब्द इकडचा तिकडे करायची मुभा नव्हती. "बरं वाटतंय ना बाळा?" असं विचारायचं नाही, कारण मग मूल भिडेखातर हो म्हणतं. "अरे वा" म्हणायचं नाही. "अरेरे" तर मुळीच नाही. बोलक्या बाईला पगार देऊन मुकं करायची ही नोकरी, असं ती म्हणायची, आणि घरी जाऊन त्याचं उट्टं काढायची. एकदा नवरा म्हणाला, डोकं दुखतंय. तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "शून्य ते दहामध्ये किती?"

"मघाशी चार होतं," तो म्हणाला, "तू विचारल्यावर अकरा झालं."

काम मात्र गमतीचं नव्हतं. मुलांचं आतडं आतून सुजतं, सोलवटतं, पोटात कळा येतात, दिवसातून दहा-दहा वेळा पळावं लागतं, रक्त पडतं आणि मूल वाढायचं थांबतं, अशा आजारावर एका नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. अर्ध्या मुलांना खरं औषध आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं, तसंच कडू लागणारं पाणी. कोणाच्या बाटलीत काय, हे ना आईला ठाऊक, ना डॉक्टरांना, ना मावशीला. दर मंगळवारी मुलं तपासणीला यायची आणि दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मावशी घरोघर फोन करायची. कितीदा गेलास, किती दुखतं, रक्त दिसलं का, झोपमोड झाली का, खेळायला गेलास का, आणि शेवटी, आणखी काही सांगायचं आहे का. उत्तरांना गुण होते. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. लागोपाठ दोन आठवडे गुण चाळीसच्या वर गेले, तर त्या मुलाला अभ्यासातून वेगळं काढून दुसऱ्या दिवसापासून खात्रीनं खरं औषध सुरू करायचं. फक्त हे चाळीसचं गणित घरच्यांना सांगायचं नव्हतं. सांगितलं तर प्रत्येक आई आकडा फुगवणार, आणि औषधाला गुण आहे की नाही ते कुणालाच कधी कळणार नाही.

न सांगितल्याचा परिणाम भलताच झाला. दोन वेण्या घालणारी एक मुलगी सतत आजारी असायची. तिचे गुण चाळीसच्या वर गेले, खरं औषध सुरू झालं आणि तिचा तपासणीचा वार मंगळवारचा शुक्रवार झाला. मंगळवारी बाकावर बसणाऱ्या आयांना एवढंच दिसलं की वेणीवाली यायची बंद झाली. त्यांनी आपापसांत निकाल लावून टाकला: ज्याचा त्रास कमी होत नाही त्याचं नाव कापतात. मावशीनं ती कुजबुज स्वतःच्या कानांनी ऐकली आणि मूग गिळून पुढं गेली. वेणीवाली शुक्रवारी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढायला लागली होती, हे तिला दिसत होतं. पण बोलायची सोय नव्हती.

त्याच बाकावर शाळेच्या बॅगा शिवणारी एक बाई बसायची. तिची मुलगी दहा वर्षांची. मावशीनं मनातल्या मनात तिचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं होतं, कारण फोन उचलला की पोर बंदच व्हायची नाही. कितीदा गेलीस म्हटलं की सांगायची, "सात वेळा मावशी, आणि पाचव्यांदा गेले तेव्हा कडी लागेना म्हणून मी पायानं दार धरून बसले आणि तेवढ्यात पाल..." मावशी ओठ घट्ट मिटून हसू दाबायची. मागं आईची शिवणाची मशीन चालू असायची, घरघर घरघर. पहिल्या आठवड्यात रेडिओचे गुण झाले अडतीस.

वेणीवाली दिसेनाशी झाली त्या आठवड्यात रेडिओचे गुण तीसवर आले. मग बावीस. मग चौदा. कागदावर पोर बरी होत चालली होती. फोनवर मात्र तिचा आवाज आक्रसत गेला. "दोनदा." बस्स. पाल नाही, कडी नाही. मावशीनं प्रश्न विचारला की मागची मशीन थांबायची, कुणीतरी अगदी हळू काहीतरी पुटपुटायचं, पोर उत्तर द्यायची, आणि मशीन पुन्हा सुरू. सहाव्या गुरुवारी तर आवाज घुमत होता, जवळच बादलीत नळ ठिबकत होता. संडासात बसून पोर सांगत होती, "एकदाच गेले मावशी, तेही सकाळी."

मावशीनं ‘एक’ लिहिलं. जे सांगितलं तेच लिहायचं, हा नियम. फोन ठेवल्यावर ती सरळ वर, अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या मॅडमकडे गेली.

"मॅडम, ती पोर खोटं बोलतेय. आई शिकवतेय तिला. गुण कमी म्हणजे पास, असं वाटतंय त्या बाईला."

मॅडमनी चष्मा काढला. "मलाही मंगळवारी शंका आली. पोट दाबलं तर ओठ चावून बसली, आणि म्हणते दुखत नाही. वजन वाढलेलं नाही, घटलेलंही नाही. रक्ताचे आकडे बंद पाकिटात बाहेर जातात, ते मलाही दिसत नाहीत. मी कशाच्या जोरावर तिला बाहेर काढू?"

"मग मी फोनवर सांगू का? एवढंच, की बाई, खरं सांग."

"तुमच्या आधी त्या खोलीत जी होती ना, तिनं एवढंच सांगितलं होतं. मायाळू होती बिचारी. प्रत्येक आईला सांगितलं. एकशे ऐंशी मुलांची तीन वर्षं पाण्यात गेली. त्यांना टोचलेली प्रत्येक सुई फुकट. आणि जिला सांगाल तिचं नाव त्याच दिवशी रद्द होईल, औषधही नाही आणि पाणीही नाही." मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "माझेही हात बांधलेत हो."

मावशी खाली आली. नियम मूर्ख असता तर तिनं तो केव्हाच धाब्यावर बसवला असता. तिचा स्वभावच तसा. पण नियम शहाणा होता, आणि तिची कोंडी तिथंच होती.

सातव्या गुरुवारी तिनं ठरवून काही केलं नाही. पाच प्रश्न झाले, मशीन पाच वेळा थांबली, पाच खोटी उत्तरं आली. सहावा विचारला, "आणखी काही सांगायचं आहे का?"

"नाही."

एरवी इथं आभार मानून फोन ठेवायचा. मावशीनं ठेवला नाही. उत्तरानंतर किती थांबायचं, हे त्या प्लास्टिकच्या कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. ती थांबली. तिकडे आईला वाटलं, झालं बोलून. मशीन सुरू झाली आणि या खेपेला थांबली नाही. मावशीनं श्वास रोखला. लाल दिवा जळत होता. मिनिट गेलं, दुसरं गेलं. पोरीनंही फोन ठेवला नव्हता.

मग मशीनच्या आवाजाखालून कुजबुज आली. "मावशी, अकरा वेळा. रक्तपण. आणि दुखतं पण खूप, सात. आईला नका ना सांगू, तिला वाटतं मी बरी होतेय."

मुलानं आपणहून बदललेलं उत्तर ग्राह्य धरावं, हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. मावशीनं आधीचं खोडलं, बाजूला सही केली, नवं लिहिलं. बेरीज चव्वेचाळीस. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलं नाही. पण हा एक आठवडा झाला होता. लागोपाठ दोन हवे होते.

मंगळवारी तपासताना मॅडमनी पोरीला विचारलं, "गुरुवारी फोनवर अकरा म्हणालीस, खरं का?" पोरीनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकून म्हणाले." आईचा चेहरा पांढराफटक पडला. पाच मिनिटांत ती जिन्याखालच्या दारात उभी होती.

"ताई, कशाला बोलतं केलंत तिला?" ओरडायचा प्रयत्न होता, पण आवाज फुटेना. "सहा आठवडे मी जिवाचं रान केलं. इथं निदान डॉक्टर तिला नावानं हाक मारतात. बाकी सगळीकडे म्हणाले, शाळा बुडवायची नाटकं आहेत. त्या वेणीवालीला काढलंत, आता आम्हाला काढाल. एवढंच हवं होतं ना तुम्हाला?"

फोन चालू नव्हता, यंत्रही बंद होतं. लाल दिवा नव्हता. मावशीनं "नाही" एवढं जरी म्हटलं असतं तरी त्या बाईला सगळं कळलं असतं, आणि कुणाला पत्ता लागला नसता. पण दहा पावलांवर बाकावर सात आया बसल्या होत्या. आज ही हसत बाहेर गेली की संध्याकाळपर्यंत साती जणींना कळणार. मावशी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. खुर्ची आणि टेबल यांच्यामध्ये अडकलेली, ना धड उभी ना धड बसलेली.

"दगड आहात तुम्ही," बाई म्हणाली आणि गेली.

मावशीला स्वतःची शिसारी आली. त्या दिवशी घरी ती नवऱ्याशीही बोलली नाही. त्यानं दोनदा थट्टा करून पाहिली आणि मग मुकाट्यानं भांडी घासून टाकली.

आठवा गुरुवार. फोन आईनंच उचलला. "मी सांगते. दोनदा गेली. दुखत नाही. रक्त नाही. लिहा."

"आठ वर्षांवरच्या मुलांनी उत्तरं स्वतः द्यायची आहेत," मावशीनं वाचलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा नियम तिच्या बाजूनं बोलत होता.

फोन पोरीच्या हातात गेला. मशीन बंद होती. आई शेजारीच बसली असणार. "दोनदा," पोर म्हणाली. दुखणं शून्य. रक्त नाही. झोप छान. खेळायला गेले. बेरीज होती सहा.

"आणखी काही सांगायचं आहे का?"

"नाही."

मावशी थांबली. या खेपेला आवाजाचा आडोसा नव्हता. दोघींचे श्वास ऐकू येत होते. "ठेवा ना आता," आई लांबून म्हणाली. त्यावर काय बोलायचं ते कागदावर नव्हतं, म्हणून मावशी बोलली नाही. ठेवलाही नाही.

एकदम काहीतरी पडलं. पावलं धावली, दार आपटलं. फोन तसाच उघडा राहिला. दाराआडून पोरीचं कण्हणं येत होतं, दाबलेलं, तोंडात काहीतरी कोंबून केल्यासारखं. ते मावशीला इकडे ऐकू येत होतं आणि आईला तिकडे.

"हे बारावं," आई म्हणाली. फोन अगदी तोंडाशी धरला होता तिनं. "सकाळपासून बारावं. मी मोजते ताई. रोज मोजते. मशीनच्या फळीवर खडूनं रेघा ओढते आणि ती बाहेर यायच्या आत पुसून टाकते. पहिल्या दिवसापासून. मला सगळे आकडे पाठ आहेत." तिला हुंदका आवरेना. "आता नाही होत माझ्यानं. कापा नाव."

दार उघडल्याचा आवाज आला. "ये," आई म्हणाली, "मावशीला खरं सांग. खरं सांग बाळा, मी रागावत नाही."

"बारा," रेडिओ म्हणाली. मग एकेक करून बाकीचं सांगितलं. दुखणं आठ. रक्त, हो. रात्री तीनदा उठले. खेळायला नाही गेले, कधीच नाही गेले. मावशीनं खोडलं, सही केली, लिहिलं. बेरीज सत्तेचाळीस.

उद्या सकाळी मॅडम फोन करणार होत्या. उद्यापासून बाटलीत काय आहे याचा प्रश्नच उरणार नव्हता. हे या खोलीत बसून सांगता येत नव्हतं. कळवायचं ते डॉक्टरांनी, दुसऱ्या दिवशी.

आईनं फोन परत घेतला. "संपलं ना ताई आमचं?"

मावशीनं कागदाच्या तळाची ओळ वाचली. "माहितीबद्दल आभारी आहोत. रुग्णालयातून तुम्हाला कळवण्यात येईल."

"कळलं," आई म्हणाली. मग नाक पुसत, आवाज सावरत म्हणाली, "परवा तुम्हाला नको ते बोलले, मनावर घेऊ नका. इतके आठवडे पोरीची आठवण ठेवून फोन केलात, उपकार झाले तुमचे." आणि तिनं फोन ठेवला.