नर्सबाईंच्या सायकलचे क्रँक

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. चुकलं असेल ते सुधारून वाचावं.

नर्सबाई सायकल ढकलत नशिराबादच्या आमच्या दुकानात आल्या, तेव्हा मी पंक्चर काढत होते. दुकान सासऱ्यांचं, आबांचं. ते मूळचे लोहार. मागे भट्टी अजून होती.

"आबा, पायडलं जवळ आणून द्या. पाय फाकतात, खुब्यात कळ येते. डॉक्टर म्हणतात, खेड्यांचा दौरा जमत नसेल तर नोकरी सोडा."

"लोखंड शे ते, बाई. मेण नही."

बाईंनी वाद घातला नाही. पंक्चरच्या पाण्यात पाय बुडवले आणि फरशीवर चालल्या. ओली पावलं एकमेकांना लागून उमटली.

"मी चालते अशी. आणि ही सायकल मला बसवते बदकासारखी."

आबा हसले. काम घेतलं.

पायडल ज्या लोखंडी दांड्याला बसतं, तो क्रँक. मी भाता ओढला. आबांनी डावा क्रँक लाल करून आत वाकवला. पायडल तिरकं झालं, म्हणून टोकाशी उलटा बाक देऊन सरळ केलं. मग विळे-कोयत्यांच्या सवयीने त्यांनी तो तापलेलाच पाण्यात घातला. पाण्याने लोखंड कडक होतं, तसं ठिसूळही होतं. बाईंनी जोर दिला आणि क्रँक मोडला. बाई पडल्या, कोपर सोलवटलं.

आबा मान खाली घालून बसले. नव्या क्रँकपुरते पैसे गल्ल्यात नव्हते. बाईंच्या जागी मी असते तर सायकल विकली असती. बाई पदराने कोपर पुसत म्हणाल्या, "पैसे मी घालते, जमेल तसे फेडा. पण वाकवायचं सोडू नका."

नवा डावा क्रँक वाकवून राखेत सावकाश निवू दिला. उजवीकडे चेनकव्हर आड येत होतं, तिकडे थोडंच वाकवलं. फ्रेमला घासू नये म्हणून बोटभर जागा ठेवली. बाई हायवेने पार दिसेनाशा झाल्या. परत आल्या तरी उतरेनात, दुकानापुढेच चक्कर मारत राहिल्या.

"वहिनी, गुडघे आता समोर बघतात."

मी लाजून नुसती हसले.

दौरा चालू राहिला, नोकरीही राहिली. आबा पुढे असलं काम आलं की गिऱ्हाइकाला आधी चालायला लावायचे. बाईंची पंक्चरं, ब्रेक, तेलपाणी आम्ही क्रँकचे पैसे फिटावेत म्हणून फुकट करत होतो. एक दिवस त्या सवयीने तशाच निघाल्या, तर आबांनी हँडल धरलं.

"आज पैसा लागतीन, बाई. मागलं बठ्ठं फिटी गयं."