काकांनी टोकन दिलेला मदरबोर्ड

आमच्या घरात एकट्याने काही विकत घ्यायची पद्धत नाही. म्हैस असो नाहीतर मिक्सर, बघायला माणसं जातात. एकट्याने जाऊन आणलं तर गाव विचारतं, घरात भांडण झालं काय? म्हणून मी माझ्या पगारातून माझ्या कॉम्प्युटरला मदरबोर्ड घ्यायला निघाले, तेव्हा बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट काढला आणि थोरल्या काकांना फोन लावला.

"बाबा, मदरबोर्ड आहे तो. त्याला टिळा लावायचा नाहीये."

"तरी दोन माणसं बरी," बाबा म्हणाले.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी फार वेळा सांगते, असं वहिनी म्हणते. सांगते, मग? काका त्यांच्या गाडीचं मॉडेल येता-जाता सांगतात, त्यांना कोणी काही बोलत नाही. मी नवीन पनवेलला एका आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसात थ्रीडी चित्रं काढते. म्हणजे इमारत उभी राहायच्या आधी ती कशी दिसेल ते दाखवायचं. खाली हिरवळ, वर निळंशार आभाळ आणि गेटाजवळ कुत्रा फिरवणारी एक गोरी बाई. प्रत्यक्षात तिथे डंपर उभे असतात आणि कुत्रे स्वतःचे स्वतः फिरतात. पण त्या चित्रावर फ्लॅट खपतात.

मॅडमनी पहिल्यांदाच मला एक अख्खं काम स्वतंत्र दिलं होतं. रोडपालीची एक सोसायटी, घरून करायचं, खाली नाव माझं. सोमवारपासून सुरू करते, असं मी सांगून बसले होते. ऑफिसचा लॅपटॉप तसलं चित्र काढायला लागला की तापून बंद पडायचा, त्याच्या जिवावर हे काम होणार नव्हतं. म्हणून डेस्कटॉप. प्रोसेसर ऑनलाइन मागवून झाला होता, बाकीचं सामानही आलं होतं. राहिला होता फक्त मदरबोर्ड.

चूक माझी एवढीच झाली की गाडीत काकांनी विचारलं, "हे मदरबोर्ड म्हंजे नक्की काय गो?" आणि मी समजावून सांगायला गेले.

"काका, सगळे भाग ज्याच्यावर बसतात ना, ती खालची पाटी. कुठला भाग कुठे बसणार, उद्या काय वाढवता येणार, सगळं त्याच्यावर ठरतं."

काकांचा चेहरा उजळला.

"म्हंजे प्लॉट!"

"तसंच काहीतरी."

"मंग तसं बोल ना पोरी! प्लॉट तर आपला सब्जेक्ट हाय."

झालं. आमच्याकडे शेतं सरकारी प्रकल्पात गेली, बदल्यात प्लॉट आले, आणि ज्यांनी आयुष्यभर भात लावला ते एका रात्रीत बिल्डर झाले. तेव्हापासून काकांना जगातली कुठलीही वस्तू प्लॉटसारखी दिसते. आतेभावासाठी मुलगी बघायला गेले होते, तिथेसुद्धा त्यांनी आधी विचारलं होतं, घराला रस्ता किती फुटी?

दुकान पनवेलच्या बाजारात. दुकानदाराने काकांच्या गळ्यातली साखळी बघितली आणि एकमेव खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मी काउंटरला टेकून उभी.

"बोला शेठ, काय दाखवू?"

"मदरबोर्ड," मी म्हटलं.

"ताईंना कशासाठी पाहिजे शेठ? व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक?"

"ताई इथेच उभी आहे," मी म्हटलं. "तिला थ्रीडी रेंडर करायचेत. हा माझा प्रोसेसर. याच सॉकेटचा बोर्ड पाहिजे. रॅमला चार स्लॉट, आणि प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर चांगला जाड हीटसिंक. रात्रभर मशीन चालणार आहे, तापून चालणार नाही. दिवे नकोत."

"दिवे नकोत?" दुकानदाराने अशा आवाजात विचारलं, जसं मी वरणात मीठ नको म्हटलं.

त्याने तीन बोर्ड समोर मांडले. मी मधला उचलून मागची माहिती वाचू लागले. काका मात्र उजवीकडच्याला चिकटले. तो आकाराने सगळ्यात मोठा, काळाभोर, आणि दुकानदाराने जोडून दाखवला तेव्हा त्याच्या कडेने हिरवे, जांभळे, लाल दिवे पळायला लागले. आमच्या गावच्या हळदीतल्या मांडवाची माळसुद्धा इतकी पळत नाही.

"ह्याच्याहून मोठा नाय काय?" काका.

"हाच टॉप, शेठ."

"कोपऱ्याचा हाय का?"

दुकानदार पक्का. "शेठ, ह्याला चारी बाजूंनी कोपरे."

काका खूश. मी हसू दाबत होते, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. दुकानात काकांचा आवाज इतका मोठा की मला बाहेर फुटपाथवर जावं लागलं. मॅडम विचारत होत्या, सोमवार नक्की ना, बिल्डर घाई करतोय. मी म्हटलं, नक्की. फोन ठेवून आत आले तर काका उभे राहून दुकानदाराशी हात मिळवत होते, आणि काउंटरवर नोटांची घडी.

"झाला आपला," काका म्हणाले. "टोकन दिला."

ज्यांना आमच्याकडचं टोकन माहीत नाही त्यांना सांगते. कागद नंतर होतात, भांडणं नंतर होतात, कोर्ट तर फार नंतर. पण टोकन दिलं की विषय संपला. त्यानंतर मागे फिरणाऱ्या माणसाशी कोणी व्यवहार करत नाही. उद्या सरकारने काहीही बदललं तरी चालेल, काकांचं टोकन बदलत नाही.

"काका, हा माझ्या प्रोसेसरला चालणारच नाही. दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा आहे. सॉकेट वेगळं, म्हणजे बसायची जागाच वेगळी."

"बसंल."

"नाही बसणार."

"आगो, नवीन हाय. नवीन वस्तू जरा टाईटच आसते." आणि त्यांनी माझ्या हातातला प्रोसेसर घेतला, अंगठीवाला अंगठा पुढे करून तो बोर्डाच्या मधल्या चौकोनावर टेकवला आणि दाबायच्या बेताला आले.

त्या चौकोनात केसाहून बारीक पिना असतात. एक वाकली की बोर्ड गेला, आणि माझ्या प्रोसेसरचं काय झालं असतं ते मला बघायचंच नव्हतं. मी मध्ये हात घातला. दुकानदार "शेठ, शेठ!" करत काउंटरवर अर्धा आडवा झाला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली.

मी प्रोसेसर काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला.

दुकानदार सावरला. धंदा कसा करतात बघा. "शेठ, टेन्शन नाय. ह्या बोर्डाचा प्रोसेसर पण आहे माझ्याकडे."

"बघ!" काका म्हणाले. "तो घे. तुझा परत पाठव."

"खोकं फोडलं की परत घेत नाहीत काका."

"मंग ठेव घरात. पण मी शब्द दिलाय. चार मान्सांत. प्रोसेसर बदलता येतो, शब्द कसा बदलायचा?"

चार माणसं म्हणजे ते, बाबा, दुकानदार आणि चार्जर घ्यायला आलेले एक मास्तर. मला इतका राग आला की रडूच फुटायचं होतं, पण आवाज फुटला. "शब्द तुम्ही दिलाय. मी पण दिलाय, सोमवारचा. मॅडमना. दुसऱ्या प्रोसेसरला माझ्याकडे पैसे नाहीत, आणि त्याच्याशिवाय ह्या बोर्डावर माझं काम होणार नाही, म्हणजे माझा शब्द जाणार. पोरीच्या शब्दाला टोकन नसतं, म्हणून तो खोटा काय?"

काका हसले. "बाईमान्सांचा आपसातला बोलना वेगला, वेव्हार वेगला."

मी बाबांकडे बघितलं. बाबा थोरल्या भावासमोर खुर्चीतही नीट टेकून बसत नाहीत. आतापर्यंत ते दुकानातल्या भिंतीवरचे माऊस मोजत उभे होते.

"दादा," ते म्हणाले, "तुजा शब्द हाय तर तू घे. तो बोर्ड तुजा."

"मी? मी काय करू त्याचा?"

"ते मला नाय म्हाईत. पन तिनं काम घेतलाय. ती मागं फिरली तर उद्या तिला कोन काम देल?" मग माझ्याकडे वळून, "कुठला तुजा? मदला ना? त्याला सांग."

दुकानदाराने पहिल्यांदाच मला विचारलं, "ताई, हाच फायनल?"

काकांनी आपला बोर्ड घेतला. घेतलाच. माणूस शब्दाचा पक्का, एवढं मात्र खरं. पळस्प्याला त्यांचं ऑफिस आहे, तिथे तो खोक्यात पडून आहे. आत कॉम्प्युटर नाही, प्रोसेसर नाही, पण जागा मोक्याची आहे.

माझा बोर्ड साधा निघाला. दिवा एकच, तोही काहीतरी बिघडलं तरच लागतो. रविवारी मी सगळं जोडलं, सोमवारी सकाळी रोडपालीची सोसायटी उघडली आणि गेटाजवळ गोरी बाई उभी केली. बाबा मागे उभे राहून बघत होते. "ही कोन?" म्हणाले. मी म्हटलं, ग्राहक. पुढच्या चित्रात मी तिला काढून टाकलं आणि नऊवारीतली एक म्हातारी बाकावर बसवली. बिल्डरने ती काढायला लावली.

आता गोष्ट अशी झाली आहे की दिवाळीत काकांना फ्रिज घ्यायचा होता, आणि फोन मला आला. "येतेस ना गो बघायला?" गाडीत पुढची सीट मला. दुकानात खुर्ची मला. काकांनी सेल्समनला सांगितलं, "आमची पोर ठरवंल," आणि टोकनचे पैसे माझ्याच हातात दिले. मला फ्रिजमधलं काय कळतं? दार उघडलं की दिवा लागतो, एवढंच. मी दोन-तीन दारं उघडली, बंद केली, गंभीर चेहरा केला आणि एका फ्रिजकडे बोट दाखवलं.

कोणी एक प्रश्न विचारला नाही. घेऊन टाकला.