शनिवारचा पहिला तास

बाई गेल्याचं मला सौंसरच्या बसस्टँडवर कळलं. पांढुर्ण्याहून आलेल्या गाडीतून त्यांचा भाऊ उतरला, "ताई गेली, सर," एवढंच बोलला आणि नागपूरच्या गाडीकडे धावला... त्याला महिना उलटला. दरम्यान शाळेत शोकसभा झाली, फोटोला हार पडला, आणि ज्यांनी बाईंना जिवंतपणी बाजूला बसवलं त्यांनीच त्यांचे गोडवे गायले. माझा राग अजून उतरलेला नाही. तो या लेखात दिसला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

शीला गजभिये आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या, मी गणित. त्या आल्या तेव्हा निबंध म्हणजे फळ्यावरून उतरवून घ्यायची गोष्ट होती. 'माझी आई' हा विषय दिला की अख्ख्या वर्गाची आई पहाटे उठून सडा घालायची, आई वारलेल्या पोराचीसुद्धा. बाईंनी हेडमास्तरांच्या मागे लागून शनिवारचा पहिला तास मागून घेतला. त्या तासाला सगळ्या शाळेनं लिहायचं, वर्गावर कुठल्याही विषयाचा मास्तर असो. आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीही चालेल, आणि मास्तरांनीही सोबत लिहायचं. ड्रिलचे मास्तर खूप कुरकुरले, मग बैलबाजारावर असं लिहून बसले की पोरं पुढचं मागू लागली. गणितवाल्याला यात कशाला ओढता, असं मी म्हणालो, तर बाई म्हणाल्या, उत्तर कसं काढलं ते पोरांना शब्दांत लिहायला लावून पाहा. लावलं, आणि माझे बरेचसे हुशार विद्यार्थी नुसतेच पाठांतरवाले निघाले. कुणी 'खूप सुंदर' लिहिलं की बाई बाकाशी वाकून विचारायच्या, "काय पाहून सुंदर वाटलं तुले?" हळूहळू पोरं लिहू लागली... संत्र्याच्या तोडीवर, कापसाच्या गाडीवर, जामसांवलीला नवस फेडायला निघालेल्या आजीवर. त्यातलं सगळ्यात चांगलं सोमवारी प्रार्थनेनंतर वाचलं जाई.

अशाच एका सोमवारी बाईंनी सहावीतल्या एका मुलीचं लिखाण वाचलं. ते शाळेतल्या पाण्यावर होतं. "आमच्या वस्तीतल्या पोरांले पाणीवाली बाई वरून पाणी ओतते. आमी ओंजळ धरतो. बाकीचे गिलासानं पेतात. ओंजळीनं पेलं का बाही भिजते, म्हणून थंडीत मी पाणी पेतच नाही." तिनं कुणाची तक्रार केली नव्हती. बाईंनी शांतपणे वाचलं, पोरीचं नाव घेतलं आणि तिला शाबासकी दिली. नंतर हेडमास्तरांनी बाईंना खोलीत बोलावलं. मी तिथेच होतो. असलं काही वाचण्याआधी दुरुस्त करायचं असतं, असं ते म्हणाले. बाईंनी कागद त्यांच्यापुढे ठेवला. "पोरीनं पाह्यलं ते लिवलं, सर. याच्यात मी काय खोडू, सांगा."

लगेच कमिटी बसली. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून शनिवारचा तास बंद झाला आणि बाईंना मराठीऐवजी शिवण दिलं. पाणी मात्र वरूनच ओतलं जात राहिलं. मी आणि ड्रिलचे मास्तर कमिटीच्या सेक्रेटरींना भेटलो, त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. त्यानंतर बाई शेवटपर्यंत पांढुर्ण्याहून बसनं यायच्या, पोरींना काज-बटण शिकवायच्या आणि परत जायच्या. मी चिडून बोलू लागलो की विषय बदलायच्या. एकदाच म्हणाल्या, "माह्यं जाऊ द्या सर, त्या पोरीनं लिवणं सोडलं."

शोकसभेनंतर सेक्रेटरींनी शाळेच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला. मी दिला. काही दिवसांनी ते कागद घेऊन घरी आले. "लेख मस्त जमला सर. तेवढं पाण्याचं काढून द्या, बाकी सगळं राहू द्या." मी कागद ठेवून घेतले, काढलं काहीच नाही, म्हणून हा लेख शाळेच्या अंकात नाही, इथे छापून येतो आहे. जाता जाता त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की बाईंचं नाव शाळेत कायम राहावं असं कमिटीनं ठरवलंय. पाटी रंगवायला दिली आहे. बाईंना मराठीच्या वर्गातून उठवून ज्या खोलीत बसवलं, तिच्या दारावर ती लागणार आहे: 'शीला गजभिये स्मृती शिवणकक्ष'.