लाइन चालू असताना कधीच हँग न होणारा कॉम्प्युटर

दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी पुनावळ्यातून निघतानाच ठरवलं होतं, आज चाकणचं दुखणं निस्तरूनच यायचं. तिथल्या एका कंपनीतला कॉम्प्युटर मला तीन आठवडे छळत होता...

प्रॉडक्शन लाइनवरचा प्रत्येक पार्ट कॅमेऱ्याखाली येतो आणि हा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर तो पास की फेल ते ठरवतो. पण मधेच हँग व्हायचा. माउस हलेना, कीबोर्ड चालेना... रीस्टार्ट होईपर्यंत लाइन ठप्प.

मी रॅम बदलली, सिस्टीम नव्यानं टाकली. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. सुपरवायझरनी तर ठरवूनच टाकलं होतं, की तिथल्या ऑपरेटर लताताईच काहीतरी चुकीचं दाबतात. त्या मूळच्या बीडच्या, कॉन्ट्रॅक्टवर. त्यांना काढायचं बोलणं सुरू झालं होतं.

त्या दिवशी मी लॉग चाळत होतो. एररचा पत्ता नाही... नोंदी मधेच थांबलेल्या. शेजारी उभ्या लताताई हळूच म्हणाल्या, "सर, एक सांगू का? लाइन चालू असली की हे कधीच बंद पडत न्हाई बघा. चहा-जेवणाच्या सुट्टीवरून आलं, की मगच आडकलेलं असतंय."

मी लॉग सोडून त्यांच्याकडे वळलो. "ताई, आधी का नाही बोललात?"

"कुणी इचारलंच न्हाई की."

काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो. काही मशीनमध्ये तो फार गाढ झोपला की उठतच नाही... म्हणजे गडबड बटणांत नव्हतीच! लिनक्सचा गाभा असतो त्या कर्नलच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली, प्रोसेसरला त्या गाढ झोपेत जाऊच द्यायचं नाही. रीस्टार्ट केला आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसलो.

सुट्टी संपायच्या आधीच लताताई परत आल्या. ओले हात ओढणीला पुसले, जरा थांबल्या, मग माउसला हात लावला... बाण हलला. "चालू हाय!" म्हणाल्या आणि खुर्चीत बसूनच घेतलं.

रिपोर्टमध्ये लिहिलं, 'बिघाड ऑपरेटर लताताईंमुळे सापडला.' सुपरवायझरनी तो दोनदा वाचला. दुपारच्या चहाला ताईंना स्वतः हाक मारली.

त्यानंतर दोन रविवार गेले, कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. लताताई त्याच जागेवर आहेत.

थँक्यू ताई... तीन आठवडे तुम्ही शेजारीच उभ्या होतात. विचारायला मीच उशीर केला.