दाराचे खिळे

बोर्लीच्या बाजारात खिळे विकणारा एक म्हातारा होता. "कुठं ठोकणार?" हे विचारल्याशिवाय तो एकही खिळा देत नसे.

आमच्या होडीच्या तळाला तांब्याचेच खिळे हवेत, लोखंड खाऱ्या पाण्यात सडतं. पण तांब्याचे संपले होते, आगबोटीने मुंबईहून यायचे होते. माझा धाकटा भाऊ तर उद्याच ती घेऊन समुद्रावर निघणार होता.

मी म्हणालो, "दाराला."

त्याने लोखंडी खिळे एकेक फिरवून पाहिले, माझ्या तळहातावर ठेवले आणि डांबराने काळा झालेला माझा हात तसाच धरून ठेवला.

"दाराला डांबर कवापासनं लावतात रे?"

मी हात सोडवून निघालो.

भावाला मी अजून सांगितलेलं नाही. तो किनाऱ्याला लागला की मासळीचं नंतर, आधी मी त्याला विचारतो, "तळात पाणी किती होतं?"